कारण: वृद्धापकाळ

मामीच्या तेराव्याच्या पंगती उठल्या, भांडी मागच्या पडवीत गेली आणि ओसरीवर तिघंच उरलो. माझा थोरला भाऊ, मी आणि मावशी. मामाचं घर पाटण तालुक्यात, ढेबेवाडी खोऱ्यात. भाऊ मिरजेत हाडांचा डॉक्टर, वीस वर्षं झाली. मावशी आरोग्य खात्यात नर्सबाई होती. निम्मी नोकरी याच डोंगरातल्या उपकेंद्रांवर, मधली काही वर्षं जतच्या बाजूला, शेवटची कराडजवळ. दोघांचा एकमेकांवर जीव आहे आणि एकमेकांचं काहीही पटत नाही.

मामी आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी न्हाणीत घसरून पडली. कार्तिकी झाली आणि गेली. चातुर्मास अंथरुणात काढला. खुबा मोडला होता, ऑपरेशन नवव्या दिवशी झालं. वय अठ्ठ्याहत्तर.

ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, त्याचा फॉर्म सकाळीच भरून झाला होता. कारणाच्या रकान्यात मामेभावानं लिहिलं होतं, वृद्धापकाळ. मावशीनं कागद वाचला, घडी घातली आणि पुन्हा त्याच्याच खिशात ठेवला. तेव्हापासून ती गप्प होती, आणि मावशी गप्प असली की आम्ही जरा सावध असतो.

“डॉक्टर,” ती म्हणाली. (एरवी ती त्याला बाळू म्हणते.) “वृद्धापकाळ हा रोग तुझ्या पुस्तकात कितव्या पानावर आहे रे?”

“मावशी, आज कागदावरून भांडू नको. त्यांना बँकेत दाखला लागतोय. दाखल्यावर कारण छापून येतसुद्धा नाही.”

“दाखल्यावर येत नाही, वहीत राहतं. उद्या कुणी मोजायला बसला तर वही उघडेल.”

“वही कुणी उघडत नाही. मोजणारा हॉस्पिटलचं रजिस्टर बघतो, आणि खुब्याच्या बाबतीत ते बरोबरच आहे. मनगट घरात जुळतं, वाकडं का होईना. बरगडी आपोआप जुळते. मणका दबला तर बाईला कळतही नाही, कंबर धरली म्हणते आणि कामाला लागते. खुबा मोडला की उठता येत नाही, दवाखान्यात यावंच लागतं. म्हणून म्हातारपणी हाडं किती ठिसूळ झालीत हे बघायचं तर जगभर हाच आकडा धरतात, पन्नाशीपुढच्या लाख बायांमागे वर्षाला किती जणी खुबा मोडून भरती झाल्या.”

“यावंच लागतं.” मावशीनं ते दोनच शब्द परत म्हटले. “कुणी सांगितलं यावंच लागतं?”

भावानं उत्तर दिलं नाही. तेराव्याचं पत्र पालथं घातलं आणि खिशातलं पेन काढलं. त्याची ही जुनी सवय आहे. घरात कुणाचंही काही बिनसलं की तो हिशेब मांडतो.

“हे बघ. हरियाणात रोहतक जिल्ह्यात 2009 साली हा हिशेब झालाय. पन्नाशीपुढच्या लाख बायांमागे वर्षाला 159 खुबे. लाख पुरुषांमागे 105. नॉर्वे-स्वीडनच्या बायांत हाच आकडा कितीतरी पट आहे, जगात सगळ्यात वरच्यांतला. आता आपल्याकडं ये. 2011 च्या जनगणनेत साताऱ्यात बाया पंधरा लाखांच्या जवळ, सांगलीत चौदा लाखांच्या जवळ. पाचातली एक पन्नाशीपुढची धर. पावणेसहा लाख झाल्या. रोहतकचा दर लावला तर दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला नऊशेच्या वर. दिवसाला अडीच म्हण. आणि ती मोजणी जुनी, आज बाया जास्त आहेत आणि म्हाताऱ्या जास्त आहेत.”

“छान. आता मला सांग, तुझ्याकडं खुब्याच्या शंभर केसमध्ये बाया किती?”

“निम्म्याच्या जरा वर. पंचावन्न धर.”

“आणि तिकडं, विलायतेत?”

“दहात सात.”

“मग आपल्या पंधरा कुठं गेल्या रे, डॉक्टर?”

भाऊ हसला. हा प्रश्न त्याला नवा नव्हता आणि त्याचं उत्तर तयार होतं. ते उत्तर लंगडंही नव्हतं, म्हणून ते पूर्ण देतो. आपल्या बायांच्या मांडीच्या हाडाची ठेवण आखूड, त्यामुळं पडल्यावर खुब्यावर जोर कमी येतो. घनता मोजली तर गोऱ्या बायांपेक्षा कमी भरते, तरी खुबे त्या मानानं कमी मोडतात, हे कोडं आशियात बऱ्याच ठिकाणी दिसलंय. जन्मभर उकिडवं बसून भांडी घासलेली, भांगलण केलेली, जमिनीवरून हात न टेकता उठणारी बाई सत्तरीतही तोल सांभाळते. फलटणच्या रस्त्यावर पालखीत बघ, तो म्हणाला, लोणंदपासून बरडपर्यंत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्यांत सत्तरीच्या किती जणी असतात. आणि पुरुषांची हाडं आपल्याकडं वाटतं तेवढी धड नाहीत. तंबाखू आहे, दारू आहे, मोटरसायकल आहे. तेव्हा रजिस्टरात बाया-पुरुष निम्मे दिसले म्हणून बायकांना कुणी घरात दडवून ठेवलंय असं होत नाही.

“दडवून नाही म्हणत मी,” मावशी म्हणाली. “निजवून ठेवतात.”

मग तिनं सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत जमेल तसं देतो.

“उपकेंद्राला होते तेव्हाची गोष्ट. वरच्या वाडीला लसीकरणाला गेले होते. एका घरात बाळ होतं, त्याला डोस पाजला. आत चुलीशेजारी घोंगडीवर म्हातारी निजलेली. मी विचारलं, आजीला काय झालं? सून म्हणाली, काही नाही, कमरेत भरलंय, पडल्या होत्या. मी चादर बाजूला केली. तुला सांगायला नको, बाळू, तू रोज बघतोस. एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड, आणि पाऊल बाहेर पडलेलं, उताणं, मेलेल्या कोंबडीसारखं. एक्स-रे कशाला पाहिजे? किती दिवस झाले म्हणून विचारलं तर अकरा. पायाला कासऱ्याचा तुकडा बांधलेला, अंथरुणाच्या कडेनं लाकडी ओंडक्यावरून खाली सोडलेला आणि त्याला दोन विटा. हाडवैद्यानं येऊन लेप लावून, विटा बांधून गेलेला. आता गंमत बघ, विटांचं तो अगदीच चुकला नव्हता. तुम्ही ट्रॅक्शन लावता ते तरी दुसरं काय? पण पाठ बघितली मी. माकडहाडावर वाटीएवढी जखम. मी म्हटलं कराडला न्या. सून म्हणाली, ‘हे’ तुर्भ्याला असतात, मार्केटला, त्यांना निरोप दिलाय, सुट्टी मिळाली की येतील. सुट्टी गणपतीला मिळाली. म्हातारी त्याच्या आधी गेली. आता तुझ्या रजिस्टरात ती दिसते का सांग.”

“नाही दिसत.”

“आणि वहीत काय लिहिलं असेल?”

भाऊ काही बोलला नाही. आत मामाच्या खोकल्याचा आवाज आला आणि आम्ही तिघांनीही आवाज खाली आणला.

इथं माझं मत सांगून टाकतो, मग पुढं ऐकू. भाऊ हाडांविषयी बोलतो ते सगळं मला पटतं. पण त्याचा तो आकडा पटत नाही, निदान आपल्याकडं तरी नाही. ज्या मुलखात खुबा मोडलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस हॉस्पिटलात पोचतं, तिथं भरतीचा दर म्हणजे मोडण्याचा दर. पाटण, जावळी, माण, जत, आटपाडी इथं या दोहोंमध्ये एक मोठी मोकळी जागा आहे, आणि त्या जागेत काय होतं हे ठरतं ते मुंबईहून येणाऱ्या फोनवर. साताऱ्याच्या डोंगरातली पोरं माथाडी म्हणून मुंबईला गेली, त्यांच्यासाठी 1969 साली कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, दोन-तीन पिढ्यांचं भलं झालं. मागं घर, थोडी भातशेती, एक म्हैस आणि आई राहिली. आई पडली की निर्णय घेणारा माणूस शेकडो किलोमीटरवर असतो. मामीचंही तेच झालं. पडली सकाळी. मामानं 108 ला फोन केला नाही, पोराला केला. पोरगा तिसऱ्या दिवशी आला. मधे शेजारच्या गावचा जाणता येऊन हात फिरवून गेला. मग कराड, मग रक्त कमी म्हणून दोन बाटल्या, मग हृदयाची तपासणी, मग भूल द्यायला फिटनेस. नऊ दिवस असे भरतात. यात वाईट वागलेला एकही माणूस मला दाखवता येणार नाही.

“मान्य,” भाऊ शेवटी म्हणाला. “पण मग तुझ्या हिशेबानं माझ्या रजिस्टरात बाया वाढल्या तर ती चांगली बातमी म्हणायची?”

“अर्धी चांगली.”

“बघ, तुला गंमत सांगतो. आपल्याकडं जीवनदायी योजना आली 2013 च्या नोव्हेंबरात. आधी 2012 ला आठ जिल्ह्यांत होती, त्यांत सातारा-सांगली नव्हते. आताची महात्मा फुले योजना ती हीच. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडं जतच्या, कवठेमहांकाळच्या म्हाताऱ्या यायला लागल्या, पिवळं-केशरी कार्ड घेऊन. ‘योजनेत बसतंय का’ हा पहिला प्रश्न, ‘दुखतंय’ नंतर. माझा एक मित्र म्हणाला, आपल्या भागात हाडं फार ठिसूळ व्हायला लागलीत, काहीतरी केलं पाहिजे. मी म्हटलं, अरे, हाडं होती तशीच आहेत, कार्ड आलंय.”

“मग हेच तर मी तासभर सांगतेय!”

“नाही, तू वेगळं सांगतेयस. तू म्हणतेस, आकडा खोटा म्हणून टाकून द्या. मी म्हणतो, आकडा अर्धवट आहे म्हणून पुरा करा. इंग्लंडात 2007 पासून खुबा मोडलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद होते. कधी आली, किती तासांनी ऑपरेशन, कधी पायावर उभी केली, महिन्यानं जिवंत आहे का. 2010 पासून तिथं छत्तीस तासांत ऑपरेशन आणि बाकीची काळजी नीट घेतली तर हॉस्पिटलला जादा पैसे. आकडा दिसायला लागला, म्हणून तास कमी झाले. आपल्याकडं ‘कधी पडली’ हा रकाना असता ना, तर मामीचे नऊ दिवस कुठं तरी टोचले असते.”

“छत्तीस तासच का? तुम्ही मनानं ठरवता.”

“मनानं नाही, पण अगदी दगडावरची रेघही नाही. 2020 साली एक मोठी चाचणी छापून आली, सतरा देशांतले तीन हजारांच्या आसपास रुग्ण. सहा तासांच्या आसपास ऑपरेशन आणि चोवीस तासांच्या आसपास ऑपरेशन अशी तुलना. मरणात फरक दिसला नाही. पण लवकर केलं त्यांचं भान कमी सुटलं आणि ते लवकर चालले. तेव्हा सहा की चोवीस हा वाद त्यांचा. आपला वाद आहे दोन दिवस की नऊ दिवस. पडून राहिलं की फुप्फुसात कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होते, पाठ सडते, लघवीला जंतू होतात. खुबा मोडून माणूस मरत नाही मावशी, पडून राहून मरतं. ऑपरेशन झालं तरी पहिल्या वर्षात पाचातलं एक जातं, कुठं कुठं तिनातलं एक.”

मावशीनं किटली उचलली, डाव्या हातानं, आणि तिघांच्या कपांत उरलेला चहा सारखा वाटला.

“ऑपरेशनचं सांगतोस तर पुढचं पण सांग,” ती म्हणाली. “वहिनीचं ऑपरेशन झालं. बॉल बदलला. चांगलं झालं असणार, मी नावं ठेवत नाही. डॉक्टरांनी घरी सोडताना कागद दिला. खाली बसायचं नाही. मांडी घालायची नाही. पाय पोटाशी घ्यायचा नाही. या घरात बघ जरा इकडं तिकडं. खाली न बसता करता येतं असं काय आहे? चूल खाली, पाट खाली, देव खाली, संडास भारतीय. आर. आर. आबांनी गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं तेव्हा मी स्वतः दारोदार फिरून संडास बांधायला लावलेत. अंजनीचा माणूस, मोठं काम केलं, काळोखात परसाकडं जाऊन पडणाऱ्या बाया वाचल्या. पण ते सगळे उकिडवं बसायचे. आता मी त्याच दारांना जाऊन सांगायचं का, की बसू नका?”

“कमोडची खुर्ची मिळते.”

“मिळते. कराडला मिळते. इथं काय केलं माहितीय? मामानं प्लास्टिकची खुर्ची घेतली, लग्नाच्या मांडवात असते ती, आणि विळा चुलीत तापवून तिच्या बैठकीला गोल भोक पाडलं. कडा खरबरीत राहिल्या म्हणून त्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. मागच्या पडवीत आहे अजून, बघून ये.”

मी बघून आलो. निळी खुर्ची होती. पट्टी हिरव्या लुगड्याची, काठासकट, आणि टाके घट्ट, एकसारखे. मामाला शिवता येतं हे मला माहीत नव्हतं.

परत आलो तेव्हा भाऊ खालच्या मानेनं बसला होता. “फिजिओ कुणी आला होता का?”

“ढेबेवाडीच्या पुढं फिजिओ? दोन वेळा सुनेनं उभं केलं वॉकर धरून. तिसऱ्यांदा वहिनीच नको म्हणाली. पुन्हा पडीन म्हणाली. सून भाताच्या चिखलणीला जायची का हिला चालवायची? म्हणून म्हणते, तुझं रजिस्टर पुढनं पण तोकडं आणि मागनं पण तोकडं. मधले पाच दिवस तेवढे तुझे. त्या पाच दिवसांवर तुम्ही दर काढता.”

भावाला हे लागलं असावं. तो एकदम आपल्या टेबलावर गेला, म्हणजे ऑपरेशनच्या.

“मधल्या पाच दिवसांत मी काय बघतो ते ऐक मग. मांडीच्या हाडाची टोपी काढतो, बॉल. तो काढून मापानं मोजावा लागतो, त्याच मापाचा धातूचा बसवायचा असतो. आपल्या बायांचा चाळीस, बेचाळीस मिलिमीटर, मोठ्या लिंबाएवढा. तो मी वाटीत घालून बाहेर नातेवाइकांना दाखवायला पाठवतो. लोकांना वाटतं पुरावा दाखवला. मी वेगळ्यासाठी पाठवतो. तरण्या माणसाच्या हाडाला कानस लावली तर कर्रकर्र वाजतं. या म्हाताऱ्यांच्या हाडाला लावली तर आवाजच येत नाही. जोंधळ्याचं चिपाड सोललंय कधी? आतला पांढरा भेंडाचा गाभा, बोटानं दाबला तर बसतो. तसं. हे एका दिवसात झालेलं नसतं. ती न्हाणीत पडली म्हणून हाड मोडलं असं तुम्ही म्हणता. मला तर कित्येकदा वाटतं, हाड आधी मोडतं आणि मग ती पडते. त्या बाईच्या अंगात वीस वर्षं हे चाललेलं असतं आणि वीस वर्षांत तिला एकदाही कुणी विचारलेलं नसतं. मावशी, तू म्हणतेस फरशी, संडास, अंधार, मोतीबिंदू. बरोबर आहे. ते सगळं नीट केलं तरी चिपाड ते चिपाड.”

“मग चिपाड का होतं ते सांग की. ऊन काय कमी आहे आपल्याकडं?”

“ऊन आहे, अंगावर कुठं पडतं? डोक्यावरून पदर, हातभर बांगड्या, अंगभर लुगडं. त्यात दूध डेअरीला. सगळी म्हैस डेअरीला, घरात चहापुरतं. वर पाळी लवकर जाते. पश्चिमेत पन्नास-एक्कावन्नला, आपल्याकडं सेहेचाळीस-सत्तेचाळीस. जितकी लवकर गेली तितकी हाडाची झीज लवकर सुरू.”

“जाते म्हणू नको. काही जणींची घालवतात.”

खाली रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, मागं दोन ट्रॉल्या, त्यांत संसार. बाजा, पत्र्याच्या पेट्या, शेळी, पोरं. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला होता, बीडकडच्या टोळ्या कृष्णाकाठाला उतरत होत्या. मावशीनं हनुवटीनंच तिकडं दाखवलं.

“कराडला शेवटची सहा वर्षं मी यांच्या कोप्यांवर जायचे. पस्तिशीच्या बाया, पिशवी काढलेल्या. पाळीत चार दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून गाठ झालीय, कॅन्सर होईल असं कुणी सांगितलं की लगेच तयार. 2019 ला सरकारनं बीडमध्ये पाहणी केली तर ब्याऐंशी हजार बायांत तेरा हजारांच्या वर निघाल्या. या बाया पाठीवर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढतात. आज खुबा मोडत नाही, कारण अंगात मांस आहे. वीस वर्षांनी?”

“नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवली तर हाडाला तेवढं नुकसान नाही,” भाऊ म्हणाला, पण चाचरत. “दोन्ही काढली तर मात्र…”

“कागद असतो का तिच्याकडं, काय काढलं आणि काय ठेवलं ते?”

“नसतो.”

“मग?”

“मग 2040 नंतर त्या येतील माझ्याकडं. साठीच्या आत. माझ्याकडं म्हणजे मी नसेन तेव्हा, जो असेल त्याच्याकडं. आणि बीडचा आकडा वाढलेला दिसेल, इकडचा नाही, कारण म्हातारपणी त्या त्यांच्या गावात असतील. हाडं झिजली कृष्णेच्या उसात आणि मोजली जातील माजलगाव-केजला.” तो थोडा थांबला. “हे मी आधी धरलं नव्हतं.”

मावशीनं हा विजय साजरा केला नाही. एव्हाना दिवे लागले होते. आतून मामेबहिणीनं विचारलं, जेवण लवकर करायचं का, गाड्यांना उशीर होईल. भावाला रातोरात मिरजेला परतायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ऑपरेशनं. मिरजेची ही परंपराच आहे. 1894 साली वॉनलेसनं तिथं हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून आजारी माणसानं रेल्वेत बसायचं आणि मिरजेला उतरायचं, अथणी-उगारपासून इकडं पाटणपर्यंत. डॉ. जी. एस. कुलकर्णींनी मिरजेत राहून संपादलेल्या हाडांच्या ग्रंथावर देशभरातले डॉक्टर शिकले. माझा भाऊही त्यातलाच. त्याला आपल्या गावाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. फक्त त्या गावापर्यंत येणारा रस्ता त्याच्या अभ्यासाचा विषय नव्हता.

“एक करता येतं,” तो चपला शोधता शोधता म्हणाला. “खुबा हे शेवटचं फ्रॅक्चर असतं. त्याच्या काही वर्षं आधी कित्येकींचं मनगट मोडलेलं असतं. बाई हात टेकून पडते, मनगट मोडतं, प्लास्टर घालतात नाहीतर तेही नाही, आणि विषय संपला. तिथंच धरायला हवी ती. हाडाची घनता मोजायची, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि जिला गरज आहे तिला वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिड. 2007 च्या चाचणीत तीन वर्षांत खुबे 41 टक्क्यांनी कमी मोडले. वर्षातून एकदा, मावशी. तुझ्या पोलिओच्या डोसापेक्षा सोपं. गावोगावच्या आशाताईंनी फक्त एवढंच विचारायचं, पन्नाशीनंतर कुणाचं मनगट मोडलंय का. ती वही हॉस्पिटलच्या रजिस्टरापेक्षा मोठी होईल आणि तुझ्या मनासारखी पण होईल.”

“विचारतील की. आशांना काय, आधीच पन्नास कामं.”

“तू विचारलं असतंस?”

“मी विचारलंच असतं.”

“मग तुझं मनगट कधी मोडलं?”

मावशीनं उजवा हात पदराखाली घेतला. इतका वेळ तो मांडीवर होता, आणि मी समोर बसून पाहिला नव्हता. मनगटाजवळ जेवायच्या काट्याच्या पाठीसारखा बाक होता, हाताचा पंजा थोडा अंगठ्याच्या बाजूला गेलेला. भावानं तो किटली उचलताना बघितला असावा. त्याला बघितल्याशिवाय राहवत नाही.

“मागल्या सुगीला,” ती म्हणाली. “खळ्यावर. भात झोडायचं चाललेलं, पेंढीवरून पाय गेला.”

“प्लास्टर?”

“गरम पट्टा बांधला पंधरा दिवस.”

“मला फोन का नाही केलास?”

“सुगी होती रे. आणि मनगटच तर होतं.”

तो काही वेळ तिच्याकडं बघत राहिला. रागावेल असं मला वाटलं, पण त्यानं ते तेराव्याचं पत्र परत काढलं, दोन्ही जिल्ह्यांचा हिशेब ज्याच्या पाठीवर होता ते, आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत काहीतरी लिहिलं.

“गुरुवारी ये. घनता तपासून घेऊ. उपाशी यायची गरज नाही.”

“गुरुवारी बाजार असतो.”

“शुक्रवारी ये.”

“कराडहून सांगलीची गाडी किती वाजता असते आता? पूर्वी साडेसातला होती.”

“साडेसातची आहे अजून,” मामा आतून म्हणाला. “पण कराडपर्यंत जायला इथनं सहाला निघावं लागेल. न्हाणीपाशी जपून हां सकाळी, तिथं अजून दिवा लावलेला नाही.”